आटपा, पाणी जाईल

"बूट बाहेर, मॅडम," असं म्हणत वृषाली दारातच आडवी उभी राहिली.

मुंबईहून आलेल्या सबनीस मॅडमनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या चपलांच्या लांबलचक रांगेकडे आणि शेवटी स्वतःच्या पायांकडे. घोट्याच्याही वर नाड्या आवळलेले बूट होते ते.

"आत देव बसवलाय का?"

"देव नाही. पण वज्रबाहूची आज्ञा आहे. भाग अकरा."

"हे सोडायला मला दहा मिनिटं लागतात. पावणेसहाची परतीची गाडी आहे माझी," असं म्हणून मॅडम बुटांसकट आत गेल्या.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. सगळ्यांच्या माना बुटांकडे वळल्या. आमच्या चाहता मंडळाच्या सात वर्षांत पायताणासकट आत आलेलं हे पहिलंच माणूस. वृषालीचा चेहरा लाल झाला. मी तिला डोळ्यांनीच दाबलं. त्या दिवशी मॅडम हत्तीवर बसून आल्या असत्या तरी मी दाराची चौकट काढून दिली असती, एवढी मला त्यांची गरज होती.

झालं होतं असं की, आमच्या लहानपणी दर रविवारी सकाळी 'लोहग्रहाचे रक्षक' नावाची परदेशी कार्टून मालिका मराठीतून लागायची. तिचा नायक वज्रबाहू. चाळीस फूट उंच यंत्रमानव, चौकोनी डोकं, दोन्ही खांद्यांवर तोफा. त्याचं तोंड हलायचं नाही, बोलताना फक्त छातीवरचा निळा दिवा लुकलुकायचा. मूळ भाषेत तो म्हणे काळीज नसलेला क्रूर योद्धा होता. आमच्या मराठीत मात्र तो गल्लीतल्या वडीलधाऱ्या माणसासारखा वागायचा. परग्रहावरचे राक्षस यानात घुसले की तो आधी म्हणायचा, "चपला बाहेर काढा, मग युद्ध." आम्ही त्याला वज्रूकाका म्हणायचो आणि त्याच्यावर जीव टाकायचो.

आमचा टीव्ही घरात नव्हता, अब्बांच्या कारखान्यात होता. कारखाना म्हणजे मिरजेच्या सतारवाल्यांच्या गल्लीतलं आमचं दहा बाय बाराचं दुकान. अब्बा सतारी करायचे. वज्रूकाका बोलायला लागला की त्यांचा कानसीवरचा हात थांबायचा. ते मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "भोपळा चांगला आहे रे याचा." मला वाटायचं, ते काकाच्या डोक्याला भोपळा म्हणतायत. मी चिडायचो आणि ते गालात हसायचे.

मोठं झाल्यावर कळलं की वज्रूकाकाचे वेडे आपण एकटेच नाही. मग मंडळ निघालं. वृषाली बँकेत कारकून होती, पण तिचा खरा हुद्दा मंडळाची मुख्य संशोधक. बावन्नच्या बावन्न भाग तिला तोंडपाठ होते.

आणि मग बातमी आली की मुंबईच्या एका कंपनीनं मालिका विकत घेतलीय आणि ती नव्यानं मराठीत करणार. नवा आवाज, नवी शुद्ध भाषा. जुन्या नऊ टेपांना बुरशी लागली होती, म्हणून जुनं सगळंच टाकून द्यायचं ठरलं होतं. आम्ही पत्रांचा पाऊस पाडला. शेवटी सबनीस मॅडम फोनवर म्हणाल्या, "मूळ आवाजाचा माणूस हयात असेल आणि त्याला अजून तो आवाज काढता येत असेल, तर खराब झालेले नऊ भाग त्याच्याकडून करून घेऊ आणि बाकीचे जुनेच ठेवू. मी स्वतः ऐकायला येते. पण नाही जमलं तर विषय संपला."

एका जुन्या टेपच्या खोक्यावर वृषालीला नाव सापडलं होतं. श्रीधर कुरुंदवाडे, मिरज. आमच्याच गावात! पूर्वी आमच्या गल्लीच्या मागे राहायचे, आता नदीकडे. मी तीनदा गेलो, तीनदा त्यांनी नाही म्हटलं. चौथ्यांदा त्यांच्या पत्नी, इंदूकाकू, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, एवढी हौसेनं बोलावतायत पोरं. जाऊ या की." तेव्हा श्रीधरपंत म्हणाले, "येतो. पण एक अट. मला तो आवाज काढायला सांगायचा नाही."

मी हो म्हटलं. चक्क खोटं बोललो. मॅडम आवाज ऐकायलाच येतायत हे मी त्यांना सांगितलंच नाही. वाटलं, समोर माणसं बघितली की म्हातारा आपसूक खुलेल.

तर आता हॉलमध्ये पहिल्या रांगेत सबनीस मॅडम बुटांसकट बसल्या होत्या, व्यासपीठावर शाल पांघरलेले श्रीधरपंत आणि तिसऱ्या रांगेत कापडी पिशवी मांडीवर घेतलेल्या इंदूकाकू. वृषालीनं माइक घेतला आणि मंडळाचा आवडता खेळ सुरू केला. खेळाचं नाव 'काका असा का वागला?'

"भाग सात!" ती ओरडली. "काका शत्रूवर क्षेपणास्त्रं सोडताना मोजतो. कशी?"

"लाभ! दोन! तीन!" सगळा हॉल गरजला.

"का?"

"काका आधी धान्याच्या दुकानात कामाला होता!" मागून कुणीतरी.

"एक आकडा बिघडलाय त्याच्या संगणकात!"

"अरे, शुभ कार्याला निघालाय तो. एक कसं म्हणेल?"

हशा पिकला. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण चाळीस फुटी यंत्रमानवाला हे कुणी शिकवलं, यावर मंडळात सात वर्षं भांडणं चालू होती.

"भाग एकोणीस! समोर शत्रूचं यान पेटलंय. काका काय म्हणतो?"

"जळलं मेलं ते यान!"

"ही शिवी नाही," वृषाली गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "हा युद्धाचा अहवाल आहे. जळलं. आणि मेलं."

माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी होती. सबनीस मॅडमसुद्धा हसल्या. मी श्रीधरपंतांकडे पाहिलं. ते हसत होते, पण रुमालानं सारखी मान पुसत होते. इंदूकाकूंनी तर पदर तोंडाशी घट्ट धरला होता आणि त्यांचे डोळे मोठे झाले होते. मनात आलं, आपण यांच्या नवऱ्याच्या चुकाच तर मोजत नाही आहोत?

"आणि आता शेवटचा," वृषाली म्हणाली. "भाग चोवीस, एकतीस, छत्तीस आणि एक्केचाळीस. ऐन लढाईत काका सैन्याला म्हणतो..."

"आटपा लवकर, पाणी जाईल!"

"कुठलं पाणी? लोहग्रहावर पाण्याचा थेंब नाही. मी यावर बारा पानी निबंध लिहिलाय. काकाच्या पोटातलं यंत्र तापतं, ते थंड ठेवायला शीतलक लागतं. तेच हे पाणी. ते संपत आलं की काका घाई करतो. सिद्ध झालेलं आहे."

टाळ्या पडल्या. मॅडमनी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. त्या उठल्या, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून श्रीधरपंतांसमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "कुरुंदवाडे साहेब, एकच वाक्य. 'पृथ्वीवासीयांनो, घाबरू नका, मी आलो आहे.' तेवढ्यावर सगळं ठरेल."

श्रीधरपंतांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. मी मान खाली घातली.

ते उभे राहिले, घसा साफ केला. "पृथ्वीवासीयांनो..."

आवाज पातळ होता. चांगला होता, कमावलेला होता, पण काकाचा नव्हता. त्यांनी परत प्रयत्न केला, मुद्दाम खर्जात. त्यांना ठसका लागला. तिसऱ्यांदा "पृथ्वी" म्हणून ते थांबले ते थांबलेच.

"असू दे," सबनीस मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "वय होतं माणसाचं. कुणाचा दोष नाही." त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

झालं. संपलं. एका म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत उभं करून मी त्याची शोभा केली होती आणि काकाही गेला होता. वृषाली माइक हातात धरून नुसती उभी होती. लोक एकमेकांकडे बघत होते. त्या शांततेत तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. इंदूकाकू पिशवी खांद्याला लावून उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला हो. आटपा लवकर, पाणी जाईल."

मी गर्रकन वळलो.

आवाज बाईचाच होता, साधा, घरगुती. पण 'आटपा'मधला तो लांबवलेला 'आ', 'लवकर'नंतरचा झटका आणि 'जाईल'ला वर चढणारा सूर! हे वाक्य मी हजारदा ऐकलं होतं. वृषालीच्या हातातला माइक खाली पडला आणि कर्कश्श किंचाळला.

"काकू," मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"अरे, साडेचारला नळ येतो आमच्याकडे. पाऊण तास असतो. हे असेच रेंगाळतात आणि मग..."

त्या मध्येच थांबल्या. सगळा हॉल आपल्याकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घाबरून व्यासपीठाकडे पाहिलं. श्रीधरपंत खुर्चीत बसले होते. त्यांनी शाल काढून घडी करून टेबलावर ठेवली.

"सांग आता, इंदू," ते म्हणाले. "मला नाही पेलवत हे."

"अहो, काय सांगायचं? गप्प बसा."

"मग मी सांगतो. वज्रबाहू मी नाही. पहिले दोन भाग सोडले तर मी त्यात कुठेच नाही. ही आहे."

हॉलमध्ये जो गलका झाला, तो शांत करायला दोन-तीन मिनिटं लागली. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं. त्या माझ्याशीच बोलायला लागल्या, जणू बाकीचे नव्हतेच.

"तिसऱ्या भागाला यांचा घसा गेला रे. डॉक्टर म्हणाले, दोन महिने एक शब्द नाही. आणि मुंबईला दर शुक्रवारी टेप पोचायला पाहिजे. संवाद मीच लिहीत होते, म्हटलं एवढा एक भाग ओढू. पण करारात पुरुषाचा आवाज लिहिलेला. घागरीत बोलून बघितलं, पिठाच्या डब्यात बोलून बघितलं, जमेना. मग तुझ्या अब्बांनी एक तडा गेलेला भोपळा दिला. सतारीचा. म्हणाले, वहिनी, यात बोलून बघा."

"अब्बांनी?"

"होय. यांचा घसा बरा झाला तोवर तोच आवाज लोकांच्या कानात बसलेला, मग पुढेही मीच बोलत राहिले. तुझ्या अब्बांना एकट्यांनाच माहीत होतं. कुणाला सांगू नका म्हटलं होतं, नाही सांगितलं त्यांनी."

अब्बांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. भोपळा चांगला आहे रे याचा! शेवटपर्यंत मला सांगितलं नाही आणि मी त्यांच्यावर चिडत राहिलो. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

"पण काकू, पाणी?" वृषाली कळवळून म्हणाली. "शीतलक?"

"कसलं शीतलक, बाई! त्याच्या छातीवरचा दिवा लुकलुकत राहायचा आणि माझं वाक्य आधीच संपलेलं असायचं. दिवा विझेपर्यंत काहीतरी बोलायला लागायचं. नळाची वेळ झालेली, तोंडात तेच यायचं. मागच्या खोलीत, गोधड्या टांगून बोलायचे मी. परत करायला वेळ कुठला? तशीच टेप जायची." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "इतकी वर्षं धाकधूक होती की कुणीतरी या चुका पकडणार. मगाशी तुम्ही एकेक काढायला लागलात, तेव्हा माझे हातपाय गार पडले."

"चुका?" वृषाली किंचाळली. "काकू, सात वर्षं आम्ही याच वाक्यांसाठी जमतोय! याच्यासाठी माणसं बेळगावहून येतात!"

काकूंना खरं वाटेना.

सबनीस मॅडम पुढे आल्या. "म्हणजे सही यांची आणि आवाज तुमचा."

"होय," काकू म्हणाल्या. "फसवलंच म्हणा."

"ती जुनी कंपनी कधीच बंद पडली, काकू. त्याचं सोडा. पण नळाचं एक वाक्य कुणीही बाई म्हणेल. मला वज्रबाहू ऐकायचा आहे. माझ्याकडे अजून वेळ आहे."

"भोपळ्याशिवाय कसा ऐकवू? आणि वय झालं आता. आवाज उलट जाडच झालाय म्हणा. पण पाण्याचं काय? उद्या नळ नाही."

"किल्ली द्या," वृषाली म्हणाली.

"काय?"

"घराची किल्ली द्या. मी भरते पाणी. हंडे कुठे आहेत तेवढं सांगा." ती माझ्याकडे वळली. "तू भोपळा आण. आणि फोन चालू ठेव, एक अक्षर जरी चुकलं तर बघ."

काकूंनी पिशवीतून किल्ली काढली आणि वृषाली पळाली. तिच्या मागोमाग मी. दाराबाहेर सत्तर चपलांच्या जोडांत माझी जोडी शोधायला कुणाला वेळ होता? मी अनवाणीच सुटलो. वाचनालयाचा जिना, मग बाजार, मग आमची गल्ली. ओळखीचा दुकानदार ओरडला, "नियाज, आग लागली काय कुठं?" मी "काकू सापडली!" असं ओरडून पुढे. त्याला काय समजलं, देव जाणे.

दुकानात वर माळ्यावर अब्बांच्या हातचे शेवटचे तीन भोपळे होते, वाळवून, तोंड कापून ठेवलेले. त्यांची सतार करायला माझा हात धजावत नव्हता. मधला उचलला, पोटाशी धरला आणि आलो तसा परत पळालो.

काकूंनी भोपळा हातात घेतला. बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी ठोकून पाहिला, कान लावला. "अंगानं जरा जाड आहे," त्या म्हणाल्या. "चालेल." मग पदर खोचला, खुर्चीवर ताठ बसल्या आणि भोपळ्याच्या तोंडाला तोंड लावलं. डोळे मिटले.

"पृथ्वीवासीयांनो! घाबरू नका. मी आलो आहे."

त्या छोट्या अंगातून, अब्बांच्या भोपळ्यातून, हॉलच्या भिंतींना धडकत काका आला. तोच. खडखडीत, भारदस्त आणि थोडा वैतागलेला. माझ्या शेजारचा दाढीवाला माणूस, दोन पोरांचा बाप, ढसाढसा रडायला लागला. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी खुर्चीवर चढलं होतं. माझ्या खिशातल्या फोनमधून हंड्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता आणि त्यावरून वृषाली बोंबलत होती, "काका! काका आला!"

सबनीस मॅडमनी हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यांचा चेहरा अजून कोराच होता. "हे वाक्य पाठ असेल," त्या म्हणाल्या. "अजून एक पाहिजे. मी दिलेलं नको. तुमच्या मनातलं बोला."

काकूंनी डोळे उघडले. मॅडमना वरपासून खाली न्याहाळलं. नजर खाली बुटांवर जाऊन थांबली. त्यांनी परत भोपळा तोंडाशी नेला.

"बाई! आधी पायताण बाहेर काढा. मग युद्ध."

मॅडम मुकाट्यानं जमिनीवर बसल्या आणि उजव्या बुटाची नाडी ओढली.

"लाभ!" मागून कुणीतरी म्हणालं.

नाडीचा दुसरा वेढा सुटला. "दोन!" आता दहा जण होते. "तीन!" सगळा हॉल. मॅडमना हसू आवरेना, त्यांची बोटं नाडीत अडकायला लागली, तसतसे आम्ही जास्तच जोरात मोजत होतो. फोनमधून वृषाली जीव तोडून विचारत होती, "काढले का? अरे, काढले का तिनं?" चौदा म्हटल्यावर दुसरा बूट निघाला. मॅडम मोज्यांवर दारापर्यंत गेल्या, बूट चपलांच्या रांगेत नीट शेवटी ठेवले आणि परत आल्या. त्यांनी पर्समधून वही काढली.

"नऊ भाग पुढच्या महिन्यापासून सुरू करू," त्या म्हणाल्या. "बाकीचे जसेच्या तसे राहतील. पाण्यासकट. आता फक्त एक सांगा, मालिकेच्या नामावलीत नाव काय लिहू? वज्रबाहूचा आवाज कोण?"

काकूंनी सवयीनं श्रीधरपंतांकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच 'तूच सांग' अशी खूण केली. काकूंनी भोपळा मांडीवर उतरवला आणि हळूच म्हणाल्या, "इंदुमती."

आवाज इतका बारीक निघाला की पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेला नाही. मॅडमनी पेन थांबवलं. तेव्हा श्रीधरपंत व्यासपीठावरून खाली उतरले, वृषालीच्या हातून पडलेला माइक त्यांनी उचलला, शर्टाला पुसला आणि काकूंच्या तोंडासमोर धरून उभे राहिले.